एका वाद्यवृंदाचे दप्तर

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'इतिहासाची साधने' एवढेच मोघम कळवून मोकळे झालो होतो. त्यामुळे आज जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांची अपेक्षा बखरी, करीने, ताम्रपट किंवा निदान पेशवे दप्तर यांविषयी चार शब्द ऐकायला मिळतील अशी असणार. त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. आम्ही ज्या दप्तराविषयी बोलणार आहोत ते लंडनच्या एका वाद्यवृंदाचे आहे. त्यात कागद कमी आणि ध्वनिफिती जास्त. ते लावणारे, तपासणारे आणि त्यावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर येणारे लोकही इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत, गाण्याचे साधे शौकीन आहेत. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला छळणारे जवळजवळ सगळे प्रश्न या शौकिनांनाही छळतात, असे आम्हांला आढळले. अस्सल कोणते, नक्कल कोणती? मूळ पाठ कोणाच्या ताब्यात? त्यात हात घालण्याचा अधिकार कोणाचा? आणि जे टाकून दिले होते ते पुन्हा उचलावे की नाही?

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका स्नेह्याच्या घरी. त्यांनी विलायतेहून एक पेटी मागवली होती, आकाराने एखाद्या जाडजूड पोथीच्या बासनाएवढी. आत सत्तावीस तबकड्या, एक चोपडे, छायाचित्रे आणि जुन्या कागदपत्रांच्या हुबेहूब नकला. वाद्यवृंदाचे नाव किंग क्रिम्झन, पेटीचे नाव 'स्टारलेस', प्रकाशनाचे वर्ष २०१४. स्नेही मोठ्या उत्साहाने एकेक तबकडी दाखवीत होते. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि विचारले, "गाणी तीच ना? मग तीच गाणी सत्तावीस तबकड्यांवर कशाला?" स्नेही गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

आधी हा वाद्यवृंद कोणता ते सांगितले पाहिजे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीसएक मिनिटे मावत होती. ती सगळी जागा एकाच रचनेला का देऊ नये, असे त्यांना वाटू लागले. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ, लोकगीते हे सगळे त्यांनी विजेच्या गिटारीच्या संगतीला आणून बसवले. या प्रकाराला पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव पडले. आपल्याकडे 'पुरोगामी' म्हणावे तर लगेच राजकारणाचा वास येतो, म्हणून आम्ही इंग्रजी नावच ठेवतो.

या पंथातले एक आद्य घराणे म्हणजे किंग क्रिम्झन. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या फुलम पॅलेस रोडवरील एका उपाहारगृहाच्या तळघरात त्यांची पहिली तालीम झाली. गिटारवर रॉबर्ट फ्रिप, गाण्याला आणि बेस गिटारला ग्रेग लेक, बासरी, सॅक्सोफोन आणि मेलोट्रॉनवर इयन मॅकडॉनल्ड, तालवाद्यांवर मायकेल जाइल्स आणि पदे लिहायला पीटर सिनफील्ड. फ्रिपचे वय तेव्हा अवघे बावीस. सहा महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य कार्यक्रमाआधी लाखोंच्या समुदायापुढे ते वाजवीत होते. १० ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांची पहिली तबकडी निघाली, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग'. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच, मॅकडॉनल्ड आणि जाइल्स यांनी आपण बाहेर पडत असल्याचे सांगितले. पहिल्या तालमीपासून फुटीपर्यंत वर्षसुद्धा पुरे झाले नव्हते. पुढे या वाद्यवृंदात माणसे येत राहिली, जात राहिली. आरंभापासून अखेरपर्यंत टिकला तो एकटा फ्रिप. शेवटचा कार्यक्रम ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोत झाला.

त्या पहिल्या तबकडीचे वेष्टन ज्यांनी एकदा पाहिले ते सहसा विसरत नाहीत. आकांताने तोंड पसरलेला, डोळे फाटलेला एक लालसर चेहरा. तो काढणारा बॅरी गॉडबर हा पेशाने संगणकाचे काम करणारा तरुण होता. तबकडी निघाल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९७० मध्ये, चोवीस वर्षांचा असताना तो हृदयविकाराने गेला. दुसरे वेष्टन त्याने काढले नाही. मूळ चित्र पुढे कित्येक वर्षे व्यवस्थापक कंपनीच्या कचेरीत भरउजेडात टांगलेले होते; ते रंग उडून नासेल या भीतीने फ्रिपने ते अखेर आपल्या ताब्यात घेतले. चित्र वाचले. फितींच्या बाबतीत इतके सोपे नव्हते.

आता फितीचा मामला थोडा समजून घेऊ, कारण त्याशिवाय शौकिनांची भांडणे कळणार नाहीत. त्या काळी ध्वनिमुद्रण होई ते आठपदरी फितीवर. एकाच रुंद फितीवर आठ पट्ट्या शेजारी शेजारी. एकीवर ढोल, एकीवर गिटार, एकीवर गळा, असे. आठांत भागले नाही तर चार-पाच पदर एकत्र करून ते दुसऱ्या फितीच्या एकदोन पदरांवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत आणखी वाद्ये भरायची. डाळ-तांदूळ एकदा शिजवून खिचडी झाली की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत, तसेच येथेही होते. सगळे भरून झाले की आठ पदरांचे दोन करायचे, डावा आणि उजवा. कोणते वाद्य किती मोठे, कोणत्या बाजूला, हे तेथे ठरते. या दोनपदरी फितीला आपण मूळ प्रत म्हणू. तिच्यावरून तबकडी कापायची. परदेशच्या कंपनीला पाठवायची ती या मूळ प्रतीची नक्कल, आणि पुढे गरज पडली तर नकलेची नक्कल. प्रत्येक नकलेगणिक फितीची सरसर वाढते आणि सुरावरचे तेज थोडे उतरते. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखकूच्या हातून एकेक मात्रा गळत जावी, तसा हा प्रकार.

त्यात मेलोट्रॉन नावाचे वाद्य पाहा. त्याची पट्टी दाबली की आत फितीचा एक तुकडा सरकतो आणि त्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनांचा किंवा बासरीचा सूर आठएक सेकंद वाजतो. म्हणजे वाद्यच मुळी फितीचे. त्याचे मुद्रण फितीवर, त्याची नक्कल फितीवर. ऐकणाऱ्याच्या कानी जी सरसर पडते ती कोणत्या पिढीची, हे सांगणे अवघड.

पहिल्या तबकडीची दोनपदरी मूळ प्रत लवकरच कोठे तरी गहाळ झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे निघालेल्या तबकड्या, आणि १९८० नंतरच्या छोट्या चकचकीत तबकड्यासुद्धा, नकलांवरूनच तयार होत होत्या. ज्यांच्याकडे १९६९ ची पहिली ब्रिटिश छपाई होती ते सांगत की, बाबांनो, तुम्ही ऐकता ते गाणे नव्हेच. दुसरे म्हणत, हा जुन्या मालकांचा गर्व आहे. अखेर नव्या शतकाच्या आरंभी ती मूळ प्रत कंपनीच्या कोठारात सापडली आणि २००४ साली तिच्यावरून काढलेली आवृत्ती बाजारात आली. जुन्या मालकांचे म्हणणे बव्हंशी खरे होते. तोवर पस्तीस वर्षे लोटली होती आणि एक संपूर्ण पिढी धूसर नकलेवर प्रेम करून प्रौढ झाली होती.

या पहिल्या छपाईच्या पक्षातील शौकीन पाहण्यासारखे असतात. आयलंड कंपनीचा गुलाबी कागद मध्यभागी आहे की नाही एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. शेवटच्या गाण्यानंतर तबकडीवर जी कोरी पट्टी उरते तिच्यावर छापखान्यातील कारागिराने कोरलेली अक्षरे आणि आकडे ते भिंगातून वाचतात. त्यावरून ती तबकडी कितव्या साच्यातून निघाली हे कळते. शिलालेख वाचणाऱ्या माणसाला या लोकांना हसण्याचा अधिकार नाही, असे आमचे मत आहे.

खरा वाद पेटला तो २००९ साली. त्या वर्षी चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने आवृत्त्यांची एक मालाच सुरू झाली. या वेळी दोनपदरी मूळ प्रत घासूनपुसून छापली एवढ्यावर थांबले नाहीत. थेट आठपदरी फितींपर्यंत मागे गेले आणि तेथून सगळे पदर नव्याने जुळवले. हे काम केले स्टीव्हन विल्सन या वादकाने, फ्रिपला बरोबर घेऊन. विल्सनचा जन्म १९६७ चा. म्हणजे मूळ तबकडी निघाली तेव्हा तो पुरता दोन वर्षांचाही नव्हता. स्वतःचा वाद्यवृंद चालवणारा हा गृहस्थ मुळात या संगीताचा चाहताच. शक्य तेथे त्याने खिचडी होण्यापूर्वीच्या फिती शोधून, त्या संगणकात एकमेकींशी नेमक्या जुळवून, नकलेच्या थरांखाली दबलेली वाद्ये मोकळी केली. मूळ मिश्रण शेजारी ठेवून, तुकड्यातुकड्याने ताडून पाहत, शक्यतो त्यालाच धरून राहायचे ही त्याची रीत. ती त्याने पुढे येस, जेथ्रो टल, जंटल जायंट अशा अनेकांच्या तबकड्यांना लावली.

ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, काजळी धुतलेले चित्र पाहावे तसे झाले. ढोलाच्या चामड्याचा पोत कळतो, गिटारीवरचे बोट कळते. दुसरा म्हणे, काजळी कोणती आणि चित्रकाराने मुद्दाम दिलेली छाया कोणती, हे तुम्हांला कोणी सांगितले? १९६९ मध्ये वेसेक्स स्टुडिओत पाच तरुणांनी पहाटेपर्यंत जागून जे ठरवले ते त्यांनी ठरवले. त्यांतला एकच आज तुमच्याजवळ बसला आहे. बाकीच्यांना विचारले काय? हा प्रश्न तेव्हा निदान विचारता येत होता. २०१६ मध्ये ग्रेग लेक गेला, २०२२ मध्ये मॅकडॉनल्ड, २०२४ मध्ये सिनफील्ड.

या वादात सर्वांत बोलके उदाहरण 'मूनचाइल्ड' या रचनेचे आहे. आधी एक हळुवार गीत आणि मग तिघा वादकांनी ऐन वेळी सुचेल तसे, अगदी दबक्या हाताने केलेले दीर्घ वादन. मूळची लांबी बारा मिनिटांवर. अनेकांना ते वादन रेंगाळलेले वाटे. अनेकांना त्या रेंगाळण्यातच रात्र उतरल्यासारखी वाटे. २००९ च्या नव्या मिश्रणात ते सुमारे तीन मिनिटांनी कापले गेले. पूर्ण रूप त्याच आवृत्तीत दिले होते, पण जादा म्हणून, मागे. झाले! "चाळीस वर्षांनी तुम्हांला ते लांब वाटू लागले काय?" असे विचारणारे एका बाजूला, आणि "ज्याचे संगीत त्याने कापले, तुमचे काय गेले?" असे विचारणारे दुसऱ्या बाजूला.

आमचे मत विचाराल तर दुसऱ्या बाजूचा प्रश्न कायद्याने बरोबर आणि इतिहासाने चूक आहे. कवीला आपली कविता पुन्हा लिहिण्याचा हक्क असतो. परंतु तीच कविता म्हणून, तेच नाव, तेच वेष्टन, तोच लाल चेहरा वर लावून ती पुढे केली, तर वाचकाचे काही तरी गेलेले असते. तरुण माणसाच्या चुका त्याच्या म्हातारपणाने सुधारू नयेत. सुधारल्या तर वर तशी नोंद हवी. या आवृत्तीत ती नोंद होती आणि पूर्ण रूपही होते, म्हणून आम्ही या प्रकरणाला खून न म्हणता अतिक्रमण म्हणतो. (आमचे स्नेही याला खूनच म्हणतात. त्यांनी त्या काळात आपला आवडता पेलाही फोडला.)

याच मालेत उलट घडलेली एक गोष्टही आहे. १९७० च्या डिसेंबरात निघालेली 'लिझर्ड' ही तबकडी फ्रिपला स्वतःलाच अजिबात आवडत नसे. ऐकवत नाही असे तो सांगत आला. विल्सनने तिचे पदर पुन्हा लावून त्याला ऐकवले तेव्हा, त्यात संगीत आहे हे आपल्याला पहिल्यांदा ऐकू आले, अशा अर्थाची कबुली त्याने दिली. चाहत्याने कर्त्याला त्याची कृती परत मिळवून दिली! जेथ्रो टलच्या १९७१ च्या 'ॲक्वालंग'चेही काहीसे असेच. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत नुकत्याच उघडलेल्या स्टुडिओत तिचे मुद्रण झाले होते आणि तिच्या मंद, कोंदट आवाजाबद्दल पहिल्यापासून तक्रार होती. २०११ मध्ये नवे मिश्रण आले तेव्हा मूळच्या कट्टर अभिमान्यांपैकीही अनेकांनी माना डोलावल्या. तेव्हा 'जुने ते सोने' हा नियम येथे सरसकट लावता येत नाही.

आणि 'नवे ते स्वच्छ' हाही नाही. जेनेसिस या वाद्यवृंदाच्या तबकड्या २००७ आणि २००८ मध्ये निक डेव्हिस याने नव्याने मिसळून पेट्यांतून काढल्या. त्यावर चाहत्यांची मोठी तक्रार आवाजाच्या दडपणाची होती. हल्ली एक खोड अशी की हळू आणि मोठा यांतले अंतर दाबून सगळेच मोठे करायचे, म्हणजे गाडीत किंवा गजबजाटात ऐकू यावे. कुजबुज आणि आरोळी एकाच पट्टीत बसवली की कान थकतो. आणि ज्या संगीताचा सारा जीव चढउतारात, त्याचा जीवच जातो. याहून मोठी तक्रार ही की नवे मिश्रण हेच यापुढे प्रमाण ठरले आणि जुने दुकानातून नाहीसे झाले. किंग क्रिम्झनच्या पेट्यांत हे पथ्य पाळलेले दिसते: नवे मिश्रण, जुने मिश्रण आणि अनेकदा फितीवरून काहीही न चोळता उतरवलेले रूप, तिन्ही एकत्र. आमच्याकडील चिकित्सक आवृत्तीत वर संहिता आणि खाली पाठभेद असतात. येथे पाठभेद ऐकता येतात, एवढाच फरक.

पण असे दप्तर उघडायला आधी ते आपल्या ताब्यात असावे लागते. हा भाग तबकडीवर ऐकू येत नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. किंग क्रिम्झनच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क त्यांच्या ई. जी. या व्यवस्थापक कंपनीकडे होते. १९९१ मध्ये तो सारा संग्रह व्हर्जिन कंपनीला विकला गेला, आणि व्हर्जिन कंपनीच पुढच्या वर्षी ई. एम. आय. ने घेतली. ज्याने वाजवले तो बाहेर, आणि ज्यावर वाजले त्या फिती या कोठारातून त्या कोठारात. फ्रिपने जुन्या व्यवस्थापकांशी भांडण मांडले. ते कित्येक वर्षे चालले. त्या काळात त्याचे वादनापेक्षा वकिलांच्या पत्रांतच जास्त लक्ष गेले असावे. १९९७ मध्ये ते तडजोडीने मिटले. दरम्यान १९९२ मध्ये डेव्हिड सिंगलटन याला बरोबर घेऊन त्याने स्वतःची कंपनी काढली होती, डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल. तिचे मुख्य तत्त्व असे की ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्या कलावंताकडेच राहील. १९९८ पासून या कंपनीने संग्राहकांचे एक मंडळ चालवून जुन्या कार्यक्रमांची मुद्रणे टपालाने पाठवायला सुरुवात केली. आरंभ झाला १९६९ मधील लंडनच्या मार्की क्लबातील कार्यक्रमापासून. पुढच्या साऱ्या पेट्यांचे मूळ येथे आहे.

हक्क हाती नसले म्हणजे काय होते याचे एक भीषण उदाहरण अमेरिकेतले आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवुडजवळील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तेथे ध्वनिफितींचे कोठार होते. किती आणि कोणाकोणाच्या मूळ फिती जळाल्या यावर पुढे वाद झाला. पण ज्यांच्या फिती तेथे होत्या त्यांच्यापैकी अनेक कलावंतांना ही गोष्ट कळली ती २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून.

आग नसली तरी फीत स्वतःही कुजते. १९७० नंतरच्या दशकातील काही बनावटींच्या फितींवरचा लेप हवेतील ओल शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढवली तर मुद्रणासकट लेप उलून निघतो. त्यावर उपाय म्हणून ती पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेत कित्येक तास मंद शेकतात. मग थोडे दिवस ती वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. पापडासारखे सगळे. तेव्हा 'आणखी एक नवी आवृत्ती कशाला' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की काही आवृत्त्यांच्या निमित्तानेच फीत शेवटची वाजलेली असते.

आता वहिनींच्या सत्तावीस तबकड्यांकडे येऊ. हा आकडा मालेत एकटा नाही. २०१२ मध्ये 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक'ची पेटी पंधरा तबकड्यांची, २०१३ मध्ये 'द रोड टु रेड' चोवीसांची, २०२० मध्ये केवळ १९६९ या एका वर्षाच्या मुद्रणांची पेटी सव्वीसांची. यांत धंदा नाही असे आम्ही म्हणत नाही. पहिली तबकडी पाचव्यांदा विकत घेताना माणूस काय विकत घेतो, हा प्रश्न चाहते स्वतःच एकमेकांना विचारतात. काही चिडतात, एका नव्या मिश्रणासाठी वीस तबकड्यांचे पैसे का मोजावे, म्हणतात. त्यांचे चुकत नाही. २०१९ पासून ही मुद्रणे घरबसल्या वाहत्या सेवेवरही ऐकता येऊ लागली, तरीही पेट्या निघाल्या आणि खपल्या.

पण या पेट्यांत जे भरले आहे ते पाहिल्यावर आमचा स्वतःचा निकाल थोडा मऊ झाला. 'लार्क्स टंग्ज'च्या काळात या वाद्यवृंदात जेमी म्यूर नावाचा एक विलक्षण तालवादक होता. पत्रे, साखळ्या, घंटा, जे हाती येईल त्यावर तो वाजवी. तो टिकला १९७२ च्या उन्हाळ्यापासून फेब्रुवारी १९७३ पर्यंत. त्याला दुखापत झाली म्हणून तो गेला असे व्यवस्थापकांनी त्या वेळी सांगितले. वस्तुतः तो स्कॉटलंडमधील एका बौद्ध विहारात निघून गेला होता. त्याच्या जाण्याला आपल्याकडचा एक धागाही लागून आहे. मार्च १९७३ मध्ये सहकारी बिल ब्रूफर्डच्या लग्नात म्यूरने येस वाद्यवृंदाचा गायक जॉन अँडरसन याला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचायला सुचवले. त्यातील शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून अँडरसनने श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशा चार भागांची कल्पना घेतली आणि चार बाजूंची अख्खी जोडतबकडी उभी राहिली. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटे! आमच्या कीर्तनकारांनाही हेवा वाटावा.

तर या म्यूरच्या काळातील कार्यक्रमांची व्यावसायिक मुद्रणे जवळजवळ नाहीत. जर्मन दूरचित्रवाणीसाठी ब्रेमेन येथे ऑक्टोबर १९७२ मध्ये झालेले चित्रीकरण आहे. बाकी जे आहे ते श्रोत्यांनी कोटाखाली लपवून नेलेल्या यंत्रांवर चोरून केलेले. आणि येथे नियतीचा विनोद पाहा. श्रोत्यांच्या चोरट्या मुद्रणांचा आणि छायाचित्रांचा फ्रिपइतका कडवा शत्रू दुसरा नसेल. त्याच फ्रिपच्या पेटीत त्याच चोरट्या मुद्रणांवरून काढलेल्या तबकड्या आहेत, कारण तेवढाच पुरावा उरला. आवाज फुटका, मध्येच कोणी तरी खोकतो. मुद्रण करणाऱ्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नाही. म्यूर २०२५ च्या फेब्रुवारीत गेला.

१९७२ च्या अमेरिकन दौऱ्यातील 'अर्थबाउंड' ही तबकडी तर साध्या कॅसेटवर मुद्रित केलेली. आवाज इतका वाईट की अमेरिकेतील कंपनीने ती काढायला नकार दिला. इंग्लंडात ती स्वस्त मालेत निघाली. चाहत्यांनी मात्र तिला टाकली नाही. २०१७ मध्ये त्या काळाची सत्तावीस तबकड्यांची पेटी निघाली, तिच्या मागे या नाकारलेल्या कॅसेटवर जीव टाकणाऱ्या माणसांचा आग्रह आहे असे आम्हांला वाटते.

आणि आता 'स्टारलेस'. तिच्यात ज्या मूळ तबकडीभोवती सगळे रचले आहे ती मार्च १९७४ ची 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'. ती निघाली तेव्हा बहुतेक ऐकणाऱ्यांची समजूत अशी की हे स्टुडिओतले मुद्रण आहे. खरी गोष्ट अशी की तिचा मोठा भाग १९७३ च्या शरदातील युरोपच्या दौऱ्यात, प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित झाला होता आणि नंतर फितीवरून श्रोत्यांच्या टाळ्या काढून टाकल्या होत्या. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. गाणी तीच, पण मूळ तबकडी म्हणजे त्या दौऱ्यातून वेचलेली फुले. पेटीत झाडे आहेत, आणि कोणत्या रात्री कोणत्या झाडावरून काय खुडले ते दिसते.

२३ नोव्हेंबर १९७३ ची रात्र घ्या. ठिकाण आम्स्टरडॅमचे कॉन्सर्टखेबाउ सभागृह. कार्यक्रमाच्या मध्ये डेव्हिड क्रॉसने व्हायोलिनवर, जॉन वेटनने बेस गिटारवर आणि फ्रिपने मेलोट्रॉनवर एक अत्यंत हळुवार वादन सुरू केले. आधी काहीही ठरलेले नव्हते. तालवादक बिल ब्रूफर्ड दोन्ही काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. आपण हात लावला तर हे मोडेल असे त्याला वाटले. शेवटपर्यंत त्याने एकही ठोका दिला नाही. तबकडीवर या रचनेचे नाव 'ट्रायो', म्हणजे तिघांचे, असे पडले. पण रचनाकार म्हणून नावे चौघांची लागली, कारण न वाजवणे हाही त्याचा वाटा होता.

१९७४ च्या तबकडीवर 'ट्रायो' संपते आणि पुढची रचना सुरू होते. संपूर्ण कार्यक्रम १९९७ मध्ये पहिल्यांदा अधिकृतपणे निघाला आणि २०१४ च्या पेटीतही आहे. स्नेह्यांनी आम्हांला दोन्ही लागोपाठ ऐकवले. दुसऱ्या वेळी व्हायोलिनचा शेवटचा सूर विरतो, क्षणभर सभागृह श्वास रोखून असते, आणि मग तेवीस वर्षे कात्रीने कापून ठेवलेले ते आम्स्टरडॅमचे लोक टाळ्या वाजवू लागतात. वहिनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हेच पुन्हा लावा."